ओ निगेटिव्हचा अपवाद

ओ निगेटिव्ह रक्त कुणालाही चालतं, असं म्हणतात ते बहुतेक खरं, पण एक अपवाद राहतो. देवगडची आमची मावशी, कार्डावर ओ पॉझिटिव्ह. ऑपरेशनआधी ओच्या तीन पिशव्या क्रॉसमॅचला (तिच्या रक्ताशी जुळतं का, या तपासणीला) लावल्या, तिन्हींत गुठळ्या, म्हणजे जुळलं नाही. निघाला बॉम्बे ग्रुप, एक दुर्मिळ रक्तगट! १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदवलेला. या गटाच्या लोकांच्या तांबड्या पेशींवर एच अँटिजनच (पेशीवरची रक्तगटाची एक खूण) नसतो, आणि ए-बी या खुणा त्याच्यावरच घडतात. म्हणून साध्या तपासणीत ओ दिसतो. पण ओ रक्तात एच भरपूर, ते दिलं तर शरीर त्या पेशी फोडतं.

मावशीला शेवटी मामाचं जुळलं. लावणी अर्धी टाकून, चिखलाच्या पायांनीच एसटीत बसला बिचारा. सख्ख्या भावंडांत जुळायची शक्यता साधारण चारात एक, तेव्हा आधी घरच्यांना तपासा.