कॅनडाच्या माळावर फ्रेंच गाव कसं वसलं?

चरई, ठाणे: भाचा कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या सेंट ब्रियू गावी नोकरीला गेलाय. फोटोत बर्फ, चर्च आणि नुसता माळ. कॅनडात फ्रेंच म्हणजे क्वेबेक प्रांत एवढंच मला ठाऊक. हे लोक इतक्या आडबाजूला कशाला गेले?

वाशी: काका, हे थेट फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातले. १९०४ साली पाद्री ल फ्लॉक यांच्याबरोबर सेंट मालो बंदरातून निघाले. ओढ जमिनीची. कॅनडाच्या १८७२ च्या कायद्याने १० डॉलर भरून १६० एकर मिळत. पण तीन वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन लागवडीखाली आणायची, तेव्हा कुठे नावावर होई. कसेल त्याची जमीन, पण आधी झाडं तोडा! थंडीचं तर बोलूच नका.

ऐरोली: शाळेचंही सांगतो. १९३१ मध्ये तिथल्या सरकारने शिकवायचं माध्यम इंग्रजीच ठेवलं. फ्रेंचला दिवसाला तासभर. मला हे फार खटकतं. बाकी, पेरणीयंत्रं बनवणारी बोर्गो कंपनी त्याच गावची. भाचा तिथेच का?

चरई, ठाणे: हो, वेल्डिंगला! ताईला मात्र एकच काळजी, तिकडे ज्वारीचं पीठ मिळतं का.