प्रांताचे नामांकन घेऊन प्रांत सोडणे: हक्क की वचनभंग?

खाडीकाठ, रत्नागिरी:

मी आयटीआयच्या मुलांना वेल्डिंग शिकवतो. आमच्याकडून बाहेर पडून चार-पाच वर्षे लोट्याच्या कारखान्यांत किंवा जयगडच्या कामांवर घालवलेली मुले पूर्वी कुवेत-दम्मामची चौकशी करायला येत. आता ती कॅनडाच्या प्रांतीय नामांकनाची, म्हणजे पीएनपीची, चौकशी करायला येतात. यात तिथला एखादा प्रांत कायम वास्तव्यासाठी, म्हणजे पीआरसाठी, माणसाचे नाव सुचवतो. त्यांच्याशी बोलताना एक प्रश्न वारंवार समोर येतो आणि त्यावर येथे मोकळी चर्चा व्हावी अशी माझी इच्छा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी देतो. पीआरसाठी माणसे निवडण्याची कॅनडाची एक्स्प्रेस एंट्री पद्धत 2015 पासून गुणांवर चालते. तिशीतला, अविवाहित, आयटीआय झालेला आणि बऱ्यापैकी इंग्रजी येणारा आमचा मुलगा या गुणांकनात तीनशेच्या आसपास अडकतो. 2025 मध्ये फ्रेंच येणाऱ्यांसाठीच्या फेऱ्या सोडल्या, तर पीआरचा अर्ज करण्याच्या निमंत्रणाची रेषा बहुतेक वेळा साडेचारशेच्या वरच राहिली. प्रांताने नामांकन दिले तर मात्र एकदम 600 गुण वाढतात आणि निमंत्रण जवळजवळ निश्चित होते. जे एक्स्प्रेस एंट्रीच्या किमान अटींतच बसत नाहीत, त्यांच्यासाठी काही प्रांतांच्या स्वतंत्र शाखा आहेत. त्यांत वेळ अधिक लागतो, पण दार उघडे असते. क्विबेकची व्यवस्था वेगळी आहे. बाकीचे प्रांत आणि युकॉन व वायव्य प्रदेश आपापल्या गरजेप्रमाणे माणसे निवडतात.

आता मूळ प्रश्न. या मुलांना गावोगावचे सल्लागार सरळ सांगतात की आधी मिळेल त्या लहान प्रांताचे नामांकन पदरात पाडून घ्या, पीआर हातात आली की टोरंटोची वाट धरा. माझ्या मते हे चुकीचे आहे आणि मी माझ्या विद्यार्थ्यांना तसे स्पष्ट सांगतो. नामांकित व्यक्तीचा त्याच प्रांतात राहण्याचा इरादा असला पाहिजे, ही कॅनडाच्या संघ (केंद्र) सरकारच्या नियमांतली अट आहे आणि अर्जदार तसे सही करून कळवतो. जो मुलगा मनात टोरंटो ठेवून सस्कॅचेवान प्रांताच्या अर्जावर सही करतो, तो खोटे लिहून देतो.

प्रांत हे नामांकन का देतो, तेही पाहावे. कॅनडाच्या पूर्व टोकाच्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड मासा इतका उपसला गेला की 1992 साली सरकारला त्याची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे 30,000 लोकांचा रोजगार गेला आणि किनाऱ्यावरच्या गावांतली तरुण माणसे पोट भरायला दुसऱ्या प्रांतांत निघून गेली. शाळेत मुले उरली नाहीत आणि म्हाताऱ्यांकडे पाहायला कोणी राहिले नाही, म्हणून आज असे प्रांत बाहेरून माणसे बोलावत आहेत. ज्या कोकणात वाडीतली निम्मी घरे गणपती आणि शिमगा सोडला तर कुलपात असतात, तिथल्या माणसाला हे दुःख समजावून सांगण्याची गरज नसावी. म्हणून माझे म्हणणे असे की ज्याला त्या प्रांतात निदान काही वर्षे मनापासून राहायचे नाही, त्याने तिथला अर्जच करू नये.

दाभोळकर, चिपळूण:

सर, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी असहमती नोंदवतो. कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतील सहावे कलम नागरिकाबरोबरच पीआरधारकालाही कोणत्याही प्रांतात जाऊन राहण्याचा आणि तिथे उपजीविका करण्याचा हक्क देते. हा हक्क पळवाट म्हणून कोणी शोधून काढलेला नाही. त्या देशाने तो विचारपूर्वक लिहून ठेवला आहे. ज्या देशाने स्वतः कामगाराला बांधून ठेवलेले नाही, त्या देशाच्या वतीने आपण रत्नागिरीत बसून त्याला का बांधावे?

दुसरे असे की आपण वचनाची गोष्ट एकाच बाजूने मांडता. प्रांतांची आणि संघ सरकारची वागणूक पाहा. 2024 साठी पीएनपीतून येणाऱ्यांचे देशभराचे लक्ष्य 1,10,000 होते, ते 2025 साठी थेट 55,000 वर आणले गेले. ज्यांनी आदल्या वर्षी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली, शिक्षणाचे मूल्यांकन करून घेतले आणि नोकरीतून रजा काढून कागद जमवले, त्यांच्या हाती काय उरले? 2024 मध्येच प्रिन्स एडवर्ड आयलंड या बेटावरच्या प्रांताने विक्री आणि सेवा क्षेत्रातील कामगारांची नामांकने मोठ्या प्रमाणावर कमी केली. तिथे आधीच शिकलेली, कामाला लागलेली, कर भरणारी भारतीय मुले रस्त्यावर आली आणि शार्लटटाउन या तिथल्या राजधानीत त्यांनी उपोषण केले. ती मुले त्या बेटावरच राहू इच्छित होती! राहण्याचा इरादा असणाऱ्यांना प्रांत असे वाऱ्यावर सोडू शकतो, तर निष्ठेचा सगळा भार वेल्डरच्याच खांद्यावर का?

मी स्वतः लोट्याला ठेकेदाराकडे काम केले आहे. गरज होती तोवर ठेवले आणि ऑर्डर कमी झाली तेव्हा एका दिवसात काढले. कामगाराने मालकाकडून जे शिकायचे ते तो शिकतो.

वरची आळी, देवगड:

मला दोघांचेही पटत नाही, कारण दोघेही मुलाने जायचेच हे गृहीत धरून बोलत आहेत. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर आली आणि सिंधुदुर्गाची 8,68,825 वरून 8,49,651 वर. महाराष्ट्र वाढत असताना आमचे दोन जिल्हे आटत होते. न्यूफाउंडलंडच्या गावांसाठी सरांच्या मनात जी कळकळ आहे, ती आमच्या तालुक्यासाठी आधी दिसावी असे वाटते. आंब्याच्या हंगामात बागेत राखणीला आणि झाडावर चढायला नेपाळहून माणसे आणावी लागतात, हे सरांना ठाऊक असेल. आयटीआयमध्ये शिकवताना विद्यार्थ्याला इथेच बोटींच्या इंजिनांचे, शीतगृहांचे, काजू कारखान्यांच्या यंत्रांचे काम उभे करता येईल, हे कोणी सांगते का?

खाडीकाठ, रत्नागिरी:

@वरची आळी, आपला प्रश्न रास्त आहे आणि मी मुलांना हे सांगतोही. परंतु शीतगृहातल्या फिटरला महिन्याला जे मिळते त्यात घरातल्या आजारपणाचा खर्चही निघत नाही, तेव्हा मी त्याला अडवणार नाही. गिरण्यांच्या काळापासून कोकणाने मुंबईला माणसे दिली. त्यांना त्या वेळी कोणी दोष दिला नाही. माझा आक्षेप जाण्याला नाही. एका ठिकाणाचे नाव सांगून दुसऱ्या ठिकाणी जाण्याला आहे.

@दाभोळकर, सनदेतील हक्क मला मान्य आहे. पीआर मिळाल्यावर तिथे राहून पाहिले, काम सुटले, मुलाच्या उपचारासाठी मोठ्या शहरात जावे लागले, तर माणसाने अवश्य जावे आणि त्यात वचनभंग नाही. मी बोलतो आहे ते अर्जावर सही करतानाच्या मनाविषयी. हक्क नंतर उत्पन्न होतो, इरादा आधी जाहीर करावा लागतो, आणि या दोन गोष्टी एकमेकांत मिसळून सल्लागार मुलांची दिशाभूल करतात. प्रांताने आकडा कमी केला हे वाईटच. पण त्याने खोटे लिहून दिलेले नव्हते.

माहेर केळशी, सध्या हॅलिफॅक्स:

मी परिचारिका आहे आणि नोव्हा स्कोशिया या अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतात राहते, म्हणून इथे प्रत्यक्ष काय घडते ते लिहिते. नोव्हा स्कोशियाने 2023 मध्ये भारतासह सात देशांत नोंदणी झालेल्या परिचारिकांसाठी परवान्याची प्रक्रिया सोपी केली. त्यामुळे जे काम पूर्वी वर्षानुवर्षे रेंगाळत असे ते खूप लवकर होऊ लागले. प्रांताने माझ्यासाठी आपला नियम बदलला, हे मी विसरू शकत नाही. दाभोळकर दादा, आपण मालक आणि कामगार यांचे जे नाते सांगता, ते इथे मला तसे दिसले नाही. रुग्णालयातल्या सहकाऱ्यांनी पहिल्या हिवाळ्यात मला कपडे दिले आणि घर शोधायला मदत केली.

तरीही सरांच्या मताला मी एक गोष्ट जोडते. परिचारिका, इलेक्ट्रिशियन अशा कामांचे परवाने प्रांत देतो. प्रांत बदलला की तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते. पीआर झाल्यावर टोरंटो, हे वाक्य अशा लोकांसाठी तितकेसे सोपे नसते. शिवाय उतरल्या दिवसापासून ज्याचा पत्ता, बँक खाते आणि नोकरी दुसऱ्याच प्रांतात दिसते, त्याच्या इराद्याविषयी पुढे कधी प्रश्न निघाला तर त्याच्याकडे उत्तर नसते. खरी माहिती लपवून अर्ज केल्याचे सिद्ध झाले, तर इथल्या स्थलांतर कायद्याच्या चाळिसाव्या कलमाखाली पाच वर्षांची बंदी येऊ शकते आणि पीआरही जाऊ शकते. प्रामाणिकपणे प्रयत्न करून नंतर स्थलांतर केलेल्याची गोष्ट वेगळी. त्याच्याकडे भाडेकरार असतो, कामासाठी केलेल्या अर्जांची पत्रे असतात.

एक मात्र मी कबूल करते की लहान प्रांतांत आलेली माणसे टिकत नाहीत, विशेषतः अटलांटिक किनाऱ्यावर, आणि त्याचे कारण दरवेळी अप्रामाणिकपणा नसते. नवऱ्याला काम मिळत नाही, घरभाडे वाढते, आपल्या भाषेतले माणूस महिनोन्महिने भेटत नाही. एकट्या बाईला हे फार जड जाते.

दाभोळकर, चिपळूण:

केळशीच्या ताईंच्या अनुभवाचा मी आदर करतो. पण परिचारिकेला प्रांत हात पुढे करून घेतो आणि वेल्डरला, स्वयंपाक्याला, मासे साफ करणाऱ्याला तसे घेत नाही, हेही त्यांनी पाहिले असेल. आमच्या मुलाचा अडसर सहीच्या कितीतरी आधी सुरू होतो. त्याने पाच वर्षे एकाच कारखान्यात काम केलेले असते, पण तीन ठेकेदारांच्या नावावर. कंपनी अनुभवपत्र देत नाही कारण तो तिच्या पटावर नाही. ठेकेदार देतो ते दोन ओळींचे, ज्यात पद, तास, पगार आणि प्रत्यक्ष केलेले काम यांपैकी काहीच नसते. कॅनडाला हे चारही हवे असतात. मग एजंट म्हणतो की काळजी करू नका, आम्ही कामाचे वर्णन लिहून देतो, आणि व्यवसायांच्या सरकारी यादीतला मजकूर जसाच्या तसा उतरवून ठेकेदाराचा शिक्का मारून आणतो. मुलगा खरा वेल्डर असतो, कागद खोटा ठरतो आणि ती पाच वर्षांची बंदी त्याच्यावर येते. सर इराद्याचा विचार करतात. मला हा कागद अधिक महत्त्वाचा वाटतो.

शिवाय पैसा. 2025 मध्ये पीआरचे शुल्कच 1,525 डॉलर होते, प्रांताचे शुल्क वेगळे, मॅनिटोबाचे 500 डॉलर. एक्स्प्रेस एंट्रीतून जाणाऱ्या एकट्या माणसाला 2025 च्या दराने 15,263 डॉलर, म्हणजे नऊ लाखांहून अधिक, स्वतःचे आणि कर्जाऊ नसलेले दाखवावे लागतात. तिथे काम करण्याचा वैध परवाना आणि नोकरीचा वैध प्रस्ताव हे दोन्ही असलेल्याला यातून सूट आहे. आईचे दागिने मोडून हे उभे केलेल्या मुलाला जिथे दोन डॉलर जास्त मिळतात तिथे जाऊ नको असे सांगणे मला जमणार नाही.

खाडीकाठ, रत्नागिरी:

अनुभवपत्राविषयी दाभोळकरांनी लिहिले ते अक्षरशः खरे आहे आणि त्यावर मुलांनी आजपासून काम करावे. ठेकेदार बदलला तरी पीएफचा यूएएन क्रमांक तोच राहतो. पासबुकातल्या नोंदींवरून कोणत्या महिन्यात कोणाकडे होतो हे दिसते. पगार रोखीने न घेता बँकेत घ्यावा, कारखान्याचा गेटपास आणि हजेरीच्या प्रती जपून ठेवाव्यात आणि सुपरवायझरकडून, त्याच्या स्वतःच्या शब्दांत, केलेल्या कामाचे पत्र घ्यावे. जे आखातात राहून आले आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावे की गेल्या दहा वर्षांत, वयाच्या अठराव्या वर्षानंतर, ज्या देशात सलग सहा महिने किंवा अधिक राहिलो तिथलाही पोलीस दाखला लागतो, आणि परत आल्यावर तो मिळवायला वेळ जातो. मॅनिटोबासह अनेक प्रांतांत नोकरी लावून देण्याबद्दल कामगाराकडून पैसे घेणे कायद्याने बंद आहे. तेव्हा नोकरीच्या पत्रासाठी लाखांची मागणी झाली की तिथून उठून यावे.

परंतु, दाभोळकर, खोट्या अनुभवपत्राला आपण वाईट म्हणता आणि खोट्या इराद्याला चालवून घेता, हे मला सुसंगत वाटत नाही. दोन्हींवर सही त्याच मुलाची असते.

दाभोळकर, चिपळूण:

फरक आहे, सर. अनुभव ही घडून गेलेली गोष्ट आहे आणि ती खोटी लिहिता येत नाही. इरादा पुढच्या दिवसांचा असतो. तेवीस वर्षांच्या ज्या मुलाने चिपळूणच्या पुढे मुंबईशिवाय काही पाहिलेले नाही, त्याला सस्कॅचेवानमधल्या, उणे तीस अंशांतल्या रेजायनात आपण किती वर्षे राहू हे सही करताना खरोखर कळते का? तो राहायचे ठरवतो, कारण त्याला दुसरे काही ठाऊकच नसते. त्याच्या त्या सहीला मी खोटे म्हणणार नाही. मनात आधीच टोरंटो ठरवून बसलेल्याविषयी आपले म्हणणे मी मान्य करतो. पण असे ठरवून बसलेले किती आणि नुसते चाचपडणारे किती, हे आपण आपल्या वर्गात एकदा विचारून पाहावे आणि इथे लिहावे.

वरची आळी, देवगड:

विचारालच, तर त्याच वर्गात आणखी एक प्रश्न विचारा: इथे महिन्याला किती मिळाले तर जाणार नाही? तो आकडाही वाचायला मला आवडेल.