कापडाच्या मागावर कान गेले, रात्रभर शिट्टी वाजते. पोराचे कान कसे वाचवू?

इचलकरंजीचा_विणकर:
नमस्कार मंडळी. वय ४७. मिसरूड फुटायच्या आत मागावर उभा राहिलो, आजही धोट्याच्याच (आडवा धागा इकडून तिकडं नेणाऱ्या नळीच्या) मागावर आहे, बारा तासांची पाळी. शेडमध्ये आम्ही ओठ बघून आणि हातवाऱ्यांनीच बोलतो, त्यामुळं ऐकू कमी येतंय हे तिथं कळलंच नाही. कळलं बाजारात. भाजीवाली साठ म्हणते, मला आठ ऐकू येतं. आवाज येतो, शब्द लागत नाहीत. वर दोन्ही कानांत बारीक शिट्टी. रात्री लाईट जाऊन पंखा थांबला की ती इतकी वाढते की उठून बसतो. तपासणीच्या कागदावर रेघ ४००० ला एकदम खाली गेलीय. दुकानातून थेंब आणले, फरक नाही. हे बरं होतं का? थोरला पोरगाही आता आमच्याच शेडमध्ये कांड्या भरायला, म्हणजे धोट्यातल्या नळ्यांवर सूत गुंडाळायला येतो. कानात कापूस घालतो. तेवढं पुरेल का?

ऑडिओलॉजिस्ट_सांगली:
दादा, ४००० हर्ट्झजवळचा, म्हणजे बारीक उंच सुरांजवळचा, खड्डा ही आवाजानं गेलेल्या कानाची खूण. आतल्या कानातल्या नाजूक पेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. थेंब तिथवर पोचतही नाहीत. ‘स’, ‘श’, ‘फ’ हे बारीक आवाज आधी जातात, म्हणून साठचं आठ होतं. शिट्टी बंद करणारं खात्रीचं औषध नाही, पण श्रवणयंत्रानं बोलणं जास्त लागतं आणि बऱ्याच जणांची शिट्टीही मागं पडते. रात्री अगदी शांतता नको, मोबाईलवर पावसाचा आवाज हळू लावून ठेवा. शिट्टी एकाच कानात यायला लागली किंवा चक्कर आली, तर लगेच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

कापूस आजच बंद करा, त्यानं आवाज जेमतेम अडतो. ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा धरतात. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ९७ ला अर्धा तास. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये एवढा आवाज सहज असतो. फोमचे बोळे घ्या. बोटांत वळून बारीक करायचे, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत दाबून धरायचा. अर्धा बाहेर राहिला तर घातल्याचा उपयोग नाही.

इचलकरंजीचा_विणकर:
बोळे घातले तर माग बिघडलेला कळणार कसा? ताक्यात, म्हणजे विणलेल्या कापडाच्या गुंडाळीत, फॉल्ट निघाला की मालक मजुरीतून कापतो.

जुना_जॉबर:
भाऊ, तुटलेला धागा डोळ्यांनीच सापडतो. पिकर, म्हणजे धोट्याला ठोसा देणारा भाग, ढिला झाला की मागाची लय बदलते, ती बोळ्यातूनही कळते, हाताला धक्का लागतो तो वेगळाच. थोडे दिवस चुकल्यासारखं होईल, मग सवय होते.

आणि भरपाईचं सोडू नका. आवाजानं आलेला बहिरेपणा १९२३ च्या भरपाई कायद्याच्या आजारांच्या यादीत होता, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. एकाच मालकाकडं सलग सहा महिने काम केल्याचं दाखवावं लागतं, आणि घोडं तिथंच अडतं. ना हजेरीपत्रक, ना पगाराची पावती, एका शेडमधले माग चार नावांवर, म्हणून मालक एकच हे दाखवता येत नाही. मजुरीच्या चिठ्ठ्या आहेत का?

ऑडिओलॉजिस्ट_सांगली:
पोराचीही तपासणी आत्ताच करा, पुढं दरवर्षी. सुट्टीनंतरच्या सकाळी, पाळीवर जायच्या आधी. निदान १४ तास कानावर मागाचा आवाज पडलेला नको.

इचलकरंजीचा_विणकर:
येत्या सुट्टीनंतर घेऊन जातो. त्याचे कान तरी राहू देत. चिठ्ठ्या बायकोनं पेटीत जपून ठेवल्यात. शिक्का नाही, पण मालकाच्या हातचे आकडे आहेत.

जुना_जॉबर:
तारखा असतील तर पुरावा म्हणून जोडा. आधी झेरॉक्स काढा, मूळ चिठ्ठी कुणाच्या हातात देऊ नका.