मदत हवी आहे : पेठच्या दवाखान्यासाठी हायड्रोजन फ्युएल सेल घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकची. माझ्या वहिनींचा पेठ तालुक्यात छोटा दवाखाना आहे. पावसाळ्यात तिकडे एकदा लाइन तुटली की दोन-दोन, तीन-तीन दिवस वीज येत नाही. ऊन नसल्यामुळे छतावरचं सोलर नावापुरतं उरतं आणि इन्व्हर्टर जेमतेम एक रात्र काढतो. खरी काळजी फ्रिजची आहे. त्यातलं इन्सुलिन आणि लसी २ ते ८ अंशांतच राहायला हव्यात. पाड्यावरून चिखल तुडवत आलेल्या बाईला ‘लस खराब झाली, नंतर या’ असं सांगायची वेळ येऊ नये, एवढंच आम्हाला हवं आहे.

फ्रिज, दिवे, नेब्युलायझर मिळून सरासरी १५० वॉट, म्हणजे दिवसाला ३.६ युनिट. एवढ्याशा लोडसाठी डिझेल जनरेटर रात्रंदिवस चालवणं, तेही रुग्णांच्या खोलीला लागून, मला पटत नाही. म्हणून लहान पीईएम फ्युएल सेलचा, म्हणजे पातळ पटलाच्या मदतीने हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून वीज बनवणाऱ्या संचाचा, विचार चालू आहे.

माझा हिशोब असा : १ किलो हायड्रोजनमध्ये ३३ युनिट ऊर्जा, त्यातली साधारण निम्मी वीज म्हणून हाती येते. ७ घनमीटरच्या नेहमीच्या सिलिंडरमध्ये जेमतेम ०.६ किलो वायू बसतो. म्हणजे एका सिलिंडरमागे ९ युनिट, इन्व्हर्टरची घट धरून सव्वादोन दिवस. दोन सिलिंडर भरून ठेवले की पावसाची मोठी झड निघून जाईल. शिवाय भरलेला सिलिंडर महिनोन्‌महिने तसाच राहतो, बॅटरीसारखा आपोआप उतरत नाही.

हिशोब बरोबर आहे का? आणि अंबड-सातपूरकडे वेल्डिंगवाल्यांना मिळतो तो हायड्रोजन चालेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, हिशोब बरोबर आहे. पण दोन गोष्टी आधी बघा.

५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम फॉस्फेट बॅटऱ्या म्हणजे १० युनिट. तीन दिवसांपैकी बहुतेक वेळ त्यातच निघतो. फ्युएल सेल घेतलात तरी छोटी बॅटरी लागणारच, कारण फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका मागतो तो सेलला एकट्याने झेपत नाही. म्हणून आधी बॅटरी वाढवा, चौथ्या-पाचव्या दिवसासाठी हायड्रोजन ठेवा.

वायू शुद्धच हवा, निदान ९९.९७ टक्के. कार्बन मोनॉक्साइड ०.२ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.२ भाग) वर गेला तर सेलमधल्या प्लॅटिनमवर चिकटून बसतो आणि सेलची ताकद जाते. त्यामुळे नुसती टक्केवारी नको, पुरवठादाराकडून प्रमाणपत्र मागून त्यात कार्बन मोनॉक्साइडचा आकडा बघा.

आणि सिलिंडर खोलीत ठेवू नका. आपल्याला सवय एलपीजीची, तो गळला तर जमिनीलगत साचतो. हायड्रोजन वर चढतो, पत्र्याच्या आढ्याखाली कोंडतो, आणि हवेत ४ ते ७५ टक्के असला तरी पेट घेतो. त्याला वास नाही, दिवसा ज्योतही धड दिसत नाही. बाहेर, वरून मोकळ्या शेडमध्ये साखळीने बांधून उभे ठेवा आणि सेलच्या खोलीत छताजवळ सेन्सर लावा. दवाखान्यात ऑक्सिजनचा सिलिंडर असेलच, तो हायड्रोजनच्या या लाल सिलिंडरांपासून लांब हवा. हे सगळ्यात महत्त्वाचं.

वापर नसला तरी सेल अधूनमधून चालवा, नाहीतर आतलं पटल कोरडं पडतं.

मूळ धागाकर्ती

मनापासून आभार! ऑक्सिजनचा सिलिंडर सध्या ठरलेल्या जागेच्या भिंतीपलीकडेच आहे, वहिनींना आजच फोन करते. बॅटरी आधी, हे पटलं.

आता अडचण वाहतुकीची. भरलेले सिलिंडर सावळघाटातून पिकअपने न्यायला आणि दवाखान्याच्या आवारात दोनच ठेवायला गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली परवाना लागतो का? कुणी पेसोकडे (स्फोटक पदार्थ आणि गॅस सिलिंडरचे परवाने देणारी केंद्र सरकारची संस्था) असं काम केलं असेल तर कागदपत्रांची यादी इथे टाकाल का? मृगाच्या आधी शेड उभी करायची आहे.