शब्दचर्चा : अफ्रिकान्स एकांकिकेतलं बंड, उठाव की क्रांती?

गवतीचहा : एका अफ्रिकान्स (दक्षिण आफ्रिकेतली डचमधून निघालेली भाषा) एकांकिकेचं भाषांतर चालू आहे. काळ १९१४, दक्षिण आफ्रिका. एकाच घटनेला अधिकारी ‘रेबेली’ म्हणतो, म्हातारा शेतकरी ‘ऑपस्टान्ट’ आणि पोरगा ‘ऑमव्हेन्टलिंग’. सगळीकडे ‘क्रांती’ घातलं तर त्यांचं भांडणच उरत नाही.

तिरफळ : सोपं आहे. बंड, उठाव, क्रांती.

शुद्धमती : ‘बंड’ नको. १८५७ला ‘शिपायांचं बंड’ म्हणणारे कोण होते, ते आठवा. ‘राजद्रोह’ घ्या.

तिरफळ : राजद्रोह हा खटल्यातला शब्द झाला. आणि १९१४च्या बोअर (तिथल्या डच वंशाच्या गोऱ्यांच्या) उठावाला अफ्रिकान्समध्ये ‘दी रेबेली’ हेच रूढ नाव आहे, बंडखोरांचा अभिमान बाळगणारेही तेच म्हणतात. मराठीतही उमाजी नाइकांचं बंड म्हणताना कुणी नाक मुरडत नाही.

पाचवापडदा : अधिकाऱ्याच्या तोंडी ‘फितुरी’ बसेल. त्या उठावातल्या योपी फुरी या बंडखोर अधिकाऱ्याला २० डिसेंबर १९१४ला प्रिटोरियात गोळ्या घातल्या, कारण त्याने सैन्याचा राजीनामा न देताच शस्त्र उचललं होतं. सरकारच्या लेखी ती फितुरीच.

शुद्धमती : फितूर अरबी!

पाचवापडदा : मग ‘तारीख’ही सोडा, तोही अरबीच.

अक्षांश : ‘ऑमव्हेन्टलिंग’ला ‘क्रांती’च. ‘व्हेन्टल’ म्हणजे फिरणं, ‘व्हेन्टलबान’ म्हणजे ग्रहाची कक्षा. आपल्याकडे क्रांतिवृत्त, म्हणजे सूर्याचा आकाशातला वार्षिक मार्ग, आहेच. दोन्ही भाषांनी शब्द आकाशातूनच उतरवलाय.

तिरफळ : प्रेक्षकाला क्रांतिवृत्त ऐकू येत नाही हो. चाकाच्या फेऱ्यांनाही तिकडे हाच शब्द चालतो.

पाचवापडदा : खरी अडचण पुढे येईल. अफ्रिकान्समध्ये क्रियापदाला लिंग नाही. अंधारातून ‘एक कॉम’ (‘एक’ म्हणजे मी, ‘कॉम’ म्हणजे येणं) असा आवाज आला, की येणारा बाप्या की बाई ते कळत नाही. मराठीत ‘येतो’ लिहिलंत की रहस्य गेलं. ‘येईन’ किंवा ‘आम्ही येऊ’ वापरा. नकारात ‘नी’ दोनदा येतो (‘ऑन्स इस नी बांग नी’), तो जोर नाही, नुसतं व्याकरण आहे. ‘आम्ही भीत नाही’ पुरे. आणि वडीलधाऱ्याला समोरासमोरही ‘ऊम’ म्हणून तृतीयपुरुषी बोलतात. तिथे ‘काकांनी बसावं’ ठेवा, ‘तुम्ही’ करू नका.

शुद्धमती : ‘एकांकिका’ तरी कशाला? ‘एकअंकी नाटक’ का नाही?

अक्षांश : त्यांच्याकडे ‘बेड्रेफ’ म्हणजे अंकही आणि धंदाही.

तिरफळ : मग ‘एकधंदी’ म्हणा.

शुद्धमती : चेष्टा नको. मुळात ‘अंक’ म्हणजे मांडी की आकडा?