मदत हवी आहे : कीर्तनाच्या व्हीएचएस कॅसेटींसाठी डीव्हीडी रेकॉर्डर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. परभणीजवळच्या गावातल्या हरिनाम सप्ताहाच्या ४० कॅसेटी, प्रत्येकी ३ तासांच्या, डीव्हीडीवर घ्यायच्या आहेत. ४.७ जीबीच्या डिस्कवर एसपी मोडला (नेहमीच्या दर्जाचं रेकॉर्डिंग) २ तासच बसतात. एलपीत (कमी दर्जा, जास्त वेळ) ४ तास मावतात, पण टाळकरी हलले की चित्राचे चौकोन पडतात. म्हणून एका कॅसेटीला दोन डिस्क धरल्यात. डीव्हीडी-आर (एकदाच भरता येणारी डिस्क) जुन्या प्लेअरवरही चालते, पण फायनलाइज केली तरच, म्हणजे भरून झाल्यावर इतर प्लेअरला वाचता येईल अशी बंद केली तर. आरडब्ल्यू (पुसून पुन्हा भरता येणारी डिस्क) व्हीआर मोडमध्ये, म्हणजे रेकॉर्डरवरच काटछाट करता येणाऱ्या पद्धतीने भरली, तर बरेच प्लेअर ती वाचत नाहीत.

खरी अडचण लाईटची. फायनलाइज होताना लाईट गेली की डिस्क वाया! त्यामुळे हार्ड डिस्कवाला जुना रेकॉर्डर बघतोय, म्हणजे डिस्क वाया गेली तरी रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर राहील. घेण्याआधी त्याची लेझर कशी तपासावी? साध्या इन्व्हर्टरवर तो नीट चालतो, की यूपीएसच लागेल? कृपया सांगा, कॅसेटींना बुरशी धरू लागलीय.