थोरियमचा लेप असलेली लेझर लेन्स फुटली तर काय करायचं?

किरणवेध: कार्बन डायऑक्साइड लेझरच्या झिंक सेलेनाइड लेन्सच्या माहितीपत्रकात लेपामध्ये थोरियम टेट्राफ्लोराइड असल्याचं लिहिलेलं असतं. किरणोत्सारी पदार्थ लेन्सवर लावतातच कशाला? आणि लेन्स फुटली किंवा जळली तर?

पातळथर: झिंक सेलेनाइडचा अपवर्तनांक १०.६ मायक्रॉनला सुमारे २.४ आहे. लेप नसेल तर एकेका पृष्ठभागावरून १७ टक्के प्रकाश परत फिरतो. कमी अपवर्तनांकाचा थर हे परावर्तन मारतो. तसे फ्लोराइड बरेच आहेत, पण थोरियम टेट्राफ्लोराइडचं अवरक्त शोषण फार कमी. तेच महत्त्वाचं, कारण शोषलं की लेन्स तापते, तापली की आणखी शोषते, आणि शेवटी मधोमध जळते. यटर्बियम फ्लोराइडसारखे थोरियमविरहित लेपही मिळतात. नवी लेन्स घेताना विचारून घ्या.

आल्फाकण: प्रमाण किती ते हिशेबानेच पाहा. २० मिलिमीटर व्यासाची लेन्स, १ मायक्रॉनचा थर धरला, घनता घन सेंटिमीटरला ६.३ ग्रॅम; म्हणजे एका बाजूला जेमतेम २ मिलिग्रॅम. त्यात वजनाने ७५ टक्के थोरियम. थोरियम-२३२ ची सक्रियता ग्रॅमला सुमारे ४,००० बेकरेल (बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा ऱ्हास), म्हणजे इथे ६ बेकरेल. थोरियमच्या ऱ्हासातून बनणाऱ्या अपत्य मूलद्रव्यांची भर वेगळी. थोरियममधून निघणारे आल्फा कण त्वचेच्या मृत थरातच अडकतात. धोका आहे तो धूळ फुफ्फुसात जाण्याचा, म्हणून लेप कधीही घासू किंवा खरवडू नका.

पातळथर: फुटली तर झाडू नको, साधा व्हॅक्यूमही नको, दोन्हींनी धूळ उडते. नायट्राइलचे हातमोजे आणि पी-१०० (बारीक धूळ अडवणारा) मास्क घाला, मोठे तुकडे चिमट्याने उचला, बारीक चुरा ओल्या टिश्यूने टिपा. हा फ्लोराइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ओल्या टिश्यूला धूळ नुसती चिकटते. सगळं दोन पिशव्यांत बंद करून, लेबल लावून उत्पादकाकडे किंवा किरणोत्सारी कचरा घेणाऱ्या यंत्रणेकडे द्या. जळाली असेल तर आधी लेझर बंद करून खोलीबाहेर पडा. तिथे थोरियमपेक्षा सेलेनियमची विषारी वाफ जास्त घातक. शिवाय तापलेल्या लेपाला पाण्याची वाफ लागली तर ऑक्सिफ्लोराइड होऊन हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू सुटू शकतो.

किरणवेध: गायगर काउंटरवर (किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रावर) काहीच दिसलं नाही तर लेन्स थोरियमविरहित समजायची का?

आल्फाकण: नाही. जाड भिंतीच्या नळीत आल्फा शिरतच नाहीत. अभ्रकाच्या पातळ खिडकीचा काउंटर लेपापासून १ सेंटिमीटरच्या आत धरा आणि दहा मिनिटं मोजा. मग मध्ये कागद सरकवून पुन्हा तेवढाच वेळ मोजा. आकडा स्पष्ट घसरला तर लेपातून आल्फा येताहेत.